कंपनी राहो वा जावो, घराची तयारी हवी

नोकरीतील बदलाची चाहूल कुटुंबाला अनेकदा कंपनीच्या सूचना फलकाआधीच लागते. एरवी साडेसहाला घरी येणारा माणूस आठला येऊ लागतो. जेवताना बोलणे कमी होते. मुलाने सहलीचे पैसे मागितले की उगाच आवाज चढतो. "अहो, कंपनीत काही झालंय का?" असे पत्नीने विचारले, तर "काही नाही गं, तू कशाला काळजी करतेस?" असे उत्तर मिळते. हल्ली तर कित्येक घरांत दोघेही नोकरी करतात, त्यामुळे हाच संवाद उलट बाजूनेही ऐकू येतो.

मालक बदलणार, विभाग हलवणार, नवे यंत्र येणार, माणसे कमी करणार अशा वार्ता आज कोणत्याही क्षेत्राला नव्या नाहीत. त्यातल्या किती खऱ्या ठरतील, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. मग या अधांतरी दिवसांत घराने काय करायचे? नशिबावर हवाला ठेवून बसायचे, की घाबरून पहिली मिळेल ती वाट धरायची? या दोहोंच्या मधला मार्ग शोधायचा असेल, तर चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियाची आणि त्याच्या परिसराची हकीगत उपयोगी पडेल.

एकच यंत्र, दोन भवितव्ये

चंदीगड म्हटले की आपल्याला आठवतात ले कॉर्बुझिए यांनी आखलेले सरळ रस्ते, सेक्टर, सुखना तलाव आणि रॉक गार्डन. पर्यटकांच्या यादीत इंडस्ट्रियल एरिया नसतो. शहराच्या आग्नेय बाजूला, फेज एक आणि फेज दोन अशा दोन भागांत तो वसलेला आहे. येथे लहान कारखान्यांचीच वस्ती मोठी. कुठे नट-बोल्ट, कुठे गिअर, कुठे पत्र्याचे काम. यातल्या बऱ्याच शेडमध्ये वर्षानुवर्षे ट्रॅक्टरचे सुटे भाग तयार होत आले. कारण शहराच्या दोन बाजूंना ट्रॅक्टर बनवणारे दोन मोठे कारखाने होते.

पहिला पिंजोरचा. सरकारी मालकीच्या एचएमटी कंपनीने तेथे १९६३ मध्ये यंत्रे बनवणारी यंत्रे, म्हणजे मशीन टूल, तयार करण्याचा कारखाना काढला. १९७१ मध्ये त्याच ठिकाणी चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनू लागले. दुसरा कारखाना मोहालीचा, पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडचा. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार झालेल्या देशी आराखड्यावरून तेथे १९७४ मध्ये 'स्वराज' ट्रॅक्टर बाहेर पडला.

माल एकच, गिऱ्हाईक एकच, म्हणजे शेतकरी. दोन्ही कारखान्यांत तासाभराचे अंतर. १९७५ च्या सुमारास एखाद्या तरुण फिटरपुढे दोन्हीकडच्या नोकऱ्या असत्या, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी काय सल्ला दिला असता? बहुधा हाच, की एचएमटी धर, केंद्र सरकारची कंपनी आहे, तिला मरण नाही!

पुढे घडले ते असे. २००७ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रने पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली आणि २००९ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. कंपनीचे जुने नाव गेले, पण 'स्वराज' हे ट्रॅक्टरचे नाव टिकले आणि आजही ते ट्रॅक्टर बनतात. उलट, पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतला. थकलेले पगार, इतर देणी आणि स्वेच्छानिवृत्तीची रक्कम यांसाठी सुमारे ७१८ कोटी रुपये मंजूर झाले. यात 'थकलेले पगार' हे दोन शब्द नीट वाचायला हवेत. कारखाना बंद होण्याच्या पुष्कळ आधीपासून कित्येक घरांत महिनाअखेर कशी गेली असेल, ते त्या दोन शब्दांत आहे.

येथे कुणाला शहाणे आणि कुणाला वेडे ठरवायचे नाही. दोन्हीकडच्या माणसांनी आपापले काम केले. कोणत्या कारखान्याचे काय होईल, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. पण आपल्या घराची तयारी त्यांच्या हाती होती, आणि ती आपल्याही हाती आहे. मात्र तयारी अशी हवी की कंपनी टिकली तरी ती वाया जाऊ नये आणि बंद पडली तरी कमी पडू नये. 'काही होणार नाही' असे धरून केलेली आखणी जितकी कच्ची, तितकीच 'आता सगळे संपले' असे धरून केलेली.

जागेचेही रूप पालटते

मोठ्या कारखान्यांना सर्दी झाली की लहान शेडना ताप येतो. शिवाय इंडस्ट्रियल एरियात आणखी एक बदल झाला. २००५ मध्ये चंदीगड प्रशासनाने औद्योगिक भूखंडांचा व्यापारी वापर करू देणारी योजना आणली. काही वर्षांतच ती थांबवण्यात आली, पण तोवर चित्र पालटू लागले होते. फेज एकमध्ये २०१३ मध्ये एलान्ते हा प्रचंड मॉल उघडला. जेथे यंत्रांचा खडखडाट असायचा, त्या वस्तीत आता सिनेमाची तिकिटे आणि तयार कपडे विकले जातात.

मराठी वाचकाला हे दृश्य परके नाही. मुंबईच्या लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर उभा राहिलेला मॉल आपण पाहतोच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. 'आज ना उद्या भोंगा वाजेल' या आशेवर कित्येक घरांनी महिन्यांमागून महिने काढले, दागिने मोडले, गावाकडून तांदूळ आणला. कामगारांच्या मागण्या न्याय्य होत्या की नव्हत्या, हा वेगळा विषय. गृहिणीच्या नजरेने पाहिले, तर सर्वांत जाचक गोष्ट होती ती कधीच न येणारी तारीख.

वाट पाहण्याचाही आजार होतो

अशी वाट पाहणे शरीरालाही बाधते. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा 'व्हाइटहॉल' नावाचा दीर्घ अभ्यास झाला. त्या काळात तेथील एका सरकारी विभागाचे खासगीकरण व्हायचे होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की या विभागातील पुरुष कर्मचाऱ्यांनी स्वतःच सांगितलेली प्रकृती इतर विभागांतल्या कर्मचाऱ्यांच्या तुलनेत घसरली होती, आणि तीही प्रत्यक्ष नोकरी जाण्याआधी, केवळ बदल होणार या चाहुलीच्या काळात.

म्हणून नोकरी अजून शाबूत असताना झोप उडणे, पित्त वाढणे, चिडचिड होणे हे काही मनाचे चोचले नव्हेत. अशा वेळी "नोकरी गेली तर नाही ना? मग कशाला त्रास करून घेता?" असे बोलू नये. रक्तदाब किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर ते नेमाने घेतले जाते ना, याकडे घरातल्यांनी लक्ष ठेवावे. झोप दोन-तीन आठवडे उडालेलीच राहिली, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

बातमी कोणती, अफवा कोणती?

मन शांत ठेवा असे सांगणे सोपे आहे. त्यासाठी हाताला काही काम हवे. एक साधी वही घ्या आणि पानाच्या मध्ये रेघ ओढा. डाव्या बाजूला फक्त कळलेल्या गोष्टी लिहा : व्यवस्थापनाची लेखी सूचना, युनियनशी झालेला करार, पगार जमा झाल्याची तारीख, भविष्यनिर्वाह निधीत भरणा झाला की नाही. उजव्या बाजूला ऐकलेल्या गोष्टी लिहा : कॅन्टीनमध्ये कोण काय म्हणाले, मोबाइलवर कोणता निरोप फिरतो आहे. प्रत्येक नोंदीपुढे तारीख टाका.

महिनाभरात दोन गोष्टी ध्यानात येतील. उजवीकडच्या बऱ्याच नोंदी आपोआप बाद होतात. आणि डावीकडच्या काही नोंदी मात्र शांतपणे खरी कहाणी सांगत असतात. पगार सातऐवजी पंधरा तारखेला येऊ लागला, निधीचा भरणा दोन महिने दिसत नाही, कच्चा माल कमी येतो, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. अशी लक्षणे एकत्र दिसली, तर ती अफवेपेक्षा अधिक बोलकी असतात. ती दिसली तर तयारीचा वेग वाढवा. दिसली नाहीत, तर निदान रात्रीची झोप तरी लागेल.

घरात सांगायचे कसे?

पुष्कळ पुरुषांना वाटते की घरात सांगितले तर आई घाबरेल, पत्नी रडेल, मुलांचा अभ्यास बिघडेल. प्रत्यक्षात न सांगितल्याने घर अंदाज बांधू लागते, आणि अंदाज नेहमी वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असतो. कुणाला दारूचा संशय येतो, कुणाला आजाराचा.

सांगताना थोडी पद्धत पाळावी. रात्री दमून आल्यावर किंवा भांडणाच्या ओघात विषय काढू नये. सुटीच्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर वही समोर ठेवून बसावे. "कंपनी विकायची बोलणी चालली आहेत. पगार अजून वेळेवर आहे. पुढे काय होईल ते ठरलेलं नाही. पण आपण आपली तयारी करून ठेवू," इतके सरळ सांगितले तरी पुरते. घरातली कर्ती बाई अशा वेळी पहिला प्रश्न विचारते तो बहुधा खर्चाचा असतो, आणि तोच प्रश्न योग्य असतो.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांनाही थोडक्यात सांगावे. शाळा बदलणार नाही, जेवणखाण नीट होईल, पण यंदा नवी सायकल नाही, इतके त्यांना समजते. मात्र मुलासमोर "तुझ्या फीसाठी मला हे सहन करावं लागतं" असे कधीही म्हणू नये. ते ओझे मूल आयुष्यभर वाहते.

आपले आकडे आपल्याला पाठ हवेत

आपला खरा हक्क किती, याचाच पत्ता नसला की भीती वाढते. येथे थोडी माहिती करून घेऊ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेनुसार, कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असलेल्या आणि सलग एक वर्ष सेवा झालेल्या माणसाला कपात करून काढायचे असेल, तर एक महिन्याची लेखी सूचना किंवा त्याऐवजी तितका पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने शेवटच्या वेतनाच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम वेगळी भरायची, आणि ती कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशीही तरतूद या संहितेत आहे.

ग्रॅच्युइटी वेगळी. तिचा हिशेब घरीही करता येतो. ज्या वेतनावर ग्रॅच्युइटी मोजतात ते शेवटचे वेतन २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. समजा हे वेतन २६,००० रुपये आणि सेवा २० वर्षे असेल, तर १५,००० गुणिले २०, म्हणजे ३ लाख रुपये. नियमित नोकरीत साधारणपणे पाच वर्षे सेवा झाल्यावर हा हक्क मिळतो. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेत एक वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळू शकते.

भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नाव, जन्मतारीख आणि वारस यांची नोंद बरोबर आहे का, ते आजच पाहा. त्यातील पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा पूर्ण झाली की मासिक पेन्शनचा हक्क तयार होतो. म्हणून नऊ वर्षे झालेल्याने घाईने सगळे पैसे काढून घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बढतीची पत्रे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र हे सारे एका फाइलमध्ये लावून घरी ठेवा. कारखान्याच्या कपाटात ठेवलेला कागद कारखान्याला कुलूप लागले की आतच राहतो. फाइल कुठे आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक हवे.

बदलात टिकून राहणाऱ्यांसाठी

कंपनी बंद होत नाही, फक्त मालक किंवा पद्धत बदलते, तेव्हाही मनाला जड जातेच. नवा साहेब वयाने लहान असतो. जुने रजिस्टर जाऊन संगणक येतो. वीस वर्षांचा अनुभव एका दिवसात जुना झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य जितके कमी उच्चारावे तितके बरे. नव्या माणसांना जुनी माहिती लागतेच. कोणते यंत्र पावसाळ्यात रुसते, कोणता गिऱ्हाईक पैसे उशिरा देतो, हे संगणकात नसते. ते मोकळेपणाने सांगणाऱ्या माणसाची किंमत वाढते.

शिकायचे असेल तर एकदम परक्या विषयात उडी घेण्यापेक्षा आपल्या कामाच्या शेजारचे कौशल्य निवडावे. साध्या लेथवर हात बसलेल्या टर्नरने सीएनसी यंत्र शिकावे. धातू कसा कापला जातो, हे त्याला आधीच ठाऊक असते, फक्त बटणे आणि आज्ञा नव्या असतात. स्टोअर सांभाळणाऱ्याने संगणकावरील साठ्याचा हिशेब शिकावा. हिशेबनीसाने जीएसटीचे काम शिकावे. असे शिकणे कंपनी टिकली तर बढतीच्या कामी येते, न टिकली तर दुसऱ्या दारावर.

हाती आलेली रक्कम

स्वेच्छानिवृत्तीची रक्कम एकदम हाती आली की नव्या अडचणी सुरू होतात. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून हा शब्द मध्यमवर्गीय घरांत चांगला रुळला. रक्कम मोठी दिसते, पण ती पुढच्या अनेक वर्षांचे पगार एकत्र बांधून दिलेली पुरचुंडी असते, हे विसरता कामा नये.

अशी रक्कम आल्यावर पहिले तीन महिने कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. त्यातून जास्त व्याजाची कर्जे फेडावी. एक वर्षाचा घरखर्च वेगळ्या ठेवीत बाजूला काढावा आणि तो महिन्याला पगारासारखा घ्यावा. कौटुंबिक आरोग्य विमा कंपनीच्या नावावर असेल तर तो थांबण्यापूर्वी स्वतःचा घ्यावा. मुलीचे लग्न थाटात उरकणे, भावाच्या धंद्यात पैसे घालणे, दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती रक्कम देणे, या तिन्ही गोष्टींना नम्रपणे नकार द्यायला शिकावे. नातेवाइकांना "पैसे मुदत ठेवीत अडकले आहेत" असे सांगता यावे, यासाठी ते खरोखरच ठेवीत टाकावे.

दिवसाला आकार द्या

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातली कापड गिरणी बंद पडली. जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना वेळ भरपूर मिळाला, पण गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके वाढली नाहीत, उलट घटली. पुरुषांची चालण्याची गतीही मंदावली. स्त्रियांना मात्र स्वयंपाक, धुणे, मुले यांमुळे दिवसाची चौकट उरली होती.

यावरून घेण्यासारखे आहे ते असे, की नोकरी गेली तरी सकाळी नेहमीच्या वेळी उठावे, अंघोळ करून कपडे बदलावे, दोन तास काम शोधण्यासाठी राखावे आणि घरकामाचा वाटा उचलावा. भाजी आणणारा, आईला दवाखान्यात नेणारा पुरुष बेकार दिसत नाही, आणि त्याला स्वतःलाही तसे वाटत नाही.

घरातल्या स्त्रीच्या कौशल्याकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. घरी खाणावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे त्या कामाचे मूळ. संप व्हायला अजून सात वर्षे होती. मंडळ उभे राहिले ते कोणत्या संकटाची भविष्यवाणी ऐकून नव्हे. हातात कला होती, तिला पत मिळवून द्यायची होती. अडचणीच्या काळात उपयोगी पडणाऱ्या गोष्टी बहुधा अशाच, चांगल्या दिवसांत उभ्या केलेल्या असतात.

तेव्हा या रविवारी एक तास काढा. वही, फाइल आणि निधीचे खाते या तीन गोष्टी नवरा-बायकोने मिळून पाहा. घरखर्चाचा खरा आकडा लिहा आणि सध्याच्या शिलकीत तो किती महिने चालेल, याचा भागाकार करा. उत्तर कदाचित दोन महिने येईल, कदाचित वीस. जे येईल ते दोघांनी मिळून पाहिलेले असेल, आणि पुढच्या महिन्यात ते एकाने तरी वाढवायचे कसे, एवढ्यावरच बोलणे थांबवा.